हेंड्रिक्स पहिला हे मान्य. पण दुसरा कोण, आणि कशावरून?

सहावी तार:

गेला आठवडाभर 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या सर्वश्रेष्ठ गिटारवादकांच्या तीन याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचतोय. २००३ची, २०११ची आणि २०२३ची. तिन्हींत पहिल्या जागी जिमी हेंड्रिक्स. त्याच्याखाली मात्र उलथापालथ. २००३मध्ये ड्युएन ऑलमन दुसरा, बी. बी. किंग तिसरा, एरिक क्लॅप्टन चौथा. २०११मध्ये क्लॅप्टन दुसरा, जिमी पेज तिसरा, कीथ रिचर्ड्स चौथा. २०२३मध्ये चक बेरी दुसरा, पेज तिसरा, एडी व्हॅन हेलन चौथा, आणि क्लॅप्टन थेट पस्तिसावा.

एडीचंच घ्या. सत्तरावा, मग आठवा, मग चौथा. 'इरप्शन' हा एक मिनिट बेचाळीस सेकंदांचा तुकडा १९७८ साली आला, आणि गिटारचं जग त्याने तेव्हाच हलवून टाकलं होतं. वाजवणारा तोच, रेकॉर्डही त्याच. बदलली ती मोजणारी माणसं. २००३ची यादी मुख्यतः डेव्हिड फ्रिक या एका समीक्षकाची होती. २०११ची गिटारवादक आणि जाणकारांच्या मतदानातून आली. २०२३च्या यादीने तर उघडच सांगितलं की सफाईदार वाजवणाऱ्यापेक्षा नवं काढणाऱ्याला आम्ही वर धरलं आहे.

मग मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. वजाबाकीची. एक माणूस इतिहासातून काढून टाका आणि बघा, त्याच्यामागून काय काय कोसळतं. जितकं जास्त कोसळेल तितका तो वर. या हिशेबाने माझे पाच: हेंड्रिक्स, चक बेरी, ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी, एडी व्हॅन हेलन, जेफ बेक.

तुमचे पाच कोण आणि तुमची कसोटी कोणती, दोन्ही लिहा. नुसती नावं नकोत.

निळाई:

गिलमोर नाही? पहिल्या पाचांत पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर नाही?

२००३च्या त्या यादीत तो ब्याऐंशीवा होता, तेव्हाही मला असंच वाटलं होतं की या लोकांनी ऐकलंय तरी काय. तुमची वजाबाकी शोध लावणाऱ्याला पैकीच्या पैकी देते. पण जो माणूस आधीच्यांनी शोधलेली गोष्ट घेऊन तिला शेवटपर्यंत नेतो, त्याला तुमच्या तराजूत पारडंच नाही. बेंड गिलमोरने शोधला नाही, कबूल. ब्लूजवाले कितीतरी आधीपासून तार ओढत होते. पण 'कम्फर्टेबली नम'मधला दुसरा सोलो ऐका. तार ओढून तो नेमक्या स्वरावर जाऊन थांबतो, तिथे क्षणभर काहीच करत नाही, आणि मग व्हायब्रॅटो, म्हणजे स्वराला हलकं कंपन देणं, सुरू करतो. आपल्याकडे मींड म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. स्वर गाठणं वेगळं आणि स्वराकडे जाणं वेगळं.

१९७९चा तो सोलो एका दमात वाजवलेला नाही. त्याने पाच-सहा वेळा पूर्ण सोलो वाजवला, प्रत्येकातले चांगले तुकडे टिपून ठेवले आणि त्यांतून एक सलग सोलो बांधला. काही लोक हे सांगून त्याची किंमत कमी करायला बघतात. मला ते उलट वाटतं. स्वतःचंच वाजवलेलं इतक्या निर्दयपणे निवडणारा कान किती जणांकडे असतो?

माझी कसोटी: तीन स्वरांत माणूस ओळखू यायला हवा. माझे पाच: गिलमोर, बी. बी. किंग, हेंड्रिक्स, सांताना, ब्रायन मे.

खर्ज:

सहावी तार, आयोमी तिसरा ठेवलात, जीव सुखावला. २००३मध्ये त्याला शहाऐंशीवा टाकलं होतं. २०२३मध्ये तेरावा. वीस वर्षं लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो, कारण ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा पोरगा. नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजवा हात सापडला आणि मधल्या व अनामिका या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायला फ्रेटवर त्याचा उजवा हातच. गिटार संपली असं सगळे म्हणाले. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितलं की आगीत हात भाजल्यावर हा माणूस दोनच बोटांनी सोलो वाजवतो.

मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, त्यांवर चामडं चिकटवलं. टोपीतून तारेचा स्पर्श कळत नाही, जाड तार ओढवत नाही. म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा लावून पाहिल्या. पुढे १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मध्ये बऱ्याच ठिकाणी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांना आराम मिळाला, आणि आवाज असा काही काळाभोर झाला की त्यातून एक अख्खी शैली उभी राहिली. डूम, स्लज, स्टोनर हे हेवी मेटलचे पोटप्रकार, आज जिथे जिथे गिटार खाली उतरवून वाजवतात तिथे तिथे त्या अपघाताची सावली आहे.

तेव्हा तुमच्या वजाबाकीने तो तिसराही नाही. दुसरा आहे. बेरी नसता तरी रॉक अँड रोल कुणीतरी वाजवलंच असतं, हवेतच होतं ते. आयोमीची दोन बोटं शाबूत असती तर हेवी मेटलचा आवाज असा झाला नसता.

आर्पेजिओ:

वाचतोय. एक शंका. या चर्चांमध्ये यिंग्वे माल्मस्टीन, ॲलन होल्ड्सवर्थ ही नावं कधीच का येत नाहीत? निदान तंत्र तरी मोजता येतं. १९८४च्या 'रायझिंग फोर्स'मध्ये माल्मस्टीन ज्या गतीने आणि ज्या स्वच्छपणे हार्मोनिक मायनर ही स्वरमालिका वाजवतो, ते तुमच्या याद्यांतल्या निम्म्या लोकांना जन्मात जमलं नसतं. कुस्तीत वजनगट असतो, धावण्यात घड्याळ असतं. गिटारमध्ये मात्र ज्याला येतं त्यालाच शिक्षा, असं का?

होल्ड्सवर्थची बाजू तर मी गती बाजूला ठेवूनही मांडेन. त्याच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कुठून येतात हे मला पंधरा वर्षं ऐकूनही कळलेलं नाही. एडी व्हॅन हेलन त्याचा इतका चाहता होता की मोठ्या कंपनीशी त्याचा करार व्हावा म्हणून त्याने शब्द टाकला. तुमचा चौथा नंबर ज्याला मान देतो, तो तुमच्या यादीत कुठेच नाही.

उजवा हात:

मला एका वेगळ्याच गोष्टीचा त्रास होतो. वर आलेल्या प्रत्येक प्रतिसादात 'सोलो' हा शब्द मोजा. रॉकचं गाणं चार मिनिटांचं, सोलो तीस सेकंदांचा. उरलेली साडेतीन मिनिटं कोण वाजवतं?

मी बारा वर्षं रिदम, म्हणजे गाण्याला ताल-आधार देणारी गिटार, वाजवली, तीन वेगवेगळ्या बँडमध्ये. कार्यक्रम संपला की लोक सोलो वाजवणाऱ्या लीडवाल्याशी हात मिळवायला येतात, आणि त्यात मला वावगं काही वाटत नाही. पण जाणकारांनी केलेल्या याद्यांतही तेच घडावं याचं वाईट वाटतं. एसी/डीसीमध्ये अँगस यंग उड्या मारतो, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. बँड चालवत होता तो मागे अँपजवळ उभा असलेला माल्कम. जाड तारा, ग्रेच गिटार आणि आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी कमी डिस्टॉर्शन (आवाजातली खरखर). त्याच्या कॉर्डमधली तारन् तार वेगळी ऐकू येते. अंगावर येतो तो जोर हाताचा आहे, अँपचा नाही. घरी त्याचं एखादं साधं तीन कॉर्डचं गाणं रेकॉर्डवर वाजवून बघा. पाच मिनिटांत कळतं की कॉर्ड येणं आणि ती नेमक्या क्षणी थांबवता येणं यांत किती अंतर आहे. आवाज बंद करणं हासुद्धा वाजवण्याचाच भाग आहे.

कीथ रिचर्ड्स सहावी तारच काढून टाकतो (धागाकर्त्यांनी राग मानू नये). उरलेल्या पाच तारा ओपन जी ट्यूनिंगमध्ये: जी, डी, जी, बी, डी. मग दोन बोटं टेकवली-उचलली की कॉर्ड हलते, आणि मोकळ्या तारा मागे घुमत राहतात. 'स्टार्ट मी अप' साध्या ट्यूनिंगमध्ये वाजवून बघा, स्वर बरोबर येतील पण गाणं येणार नाही. रमोन्सचा जॉनी रमोन सगळं डाउनस्ट्रोकवर, म्हणजे तार फक्त वरून खाली छेडत. १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये मेटॅलिकाचा हेटफील्ड त्या गतीला खालीच मारतोय, वर-खाली नाही. आर्पेजिओ, तुम्ही तंत्र म्हणता ना? मनगट न आखडता ते पूर्ण गाणं वाजवणं हे तंत्रच आहे. ते डोळ्यांना दिसत नाही इतकंच.

माझी कसोटी: त्याला बँडमधून काढा आणि गाणं उभं राहतं का बघा. माझे पाच: माल्कम यंग, कीथ रिचर्ड्स, हेंड्रिक्स, हेटफील्ड, पीट टाउनझेंड.

खर्ज:

+१०० माल्कमसाठी.

रेडिओची गोष्ट:

बेरी नसता तरी कुणीतरी वाजवलंच असतं, असं खर्ज म्हणतात. वाजवलं असतं काय, वाजवत होतेच. म्हणून तर वजाबाकी करायची असेल तर ती बेरीपाशी थांबता कामा नये.

'जॉनी बी. गुड'ची १९५८ची ती सुरुवात सगळ्यांना पाठ आहे. आता लुई जॉर्डनच्या बँडचं १९४६चं 'एंट दॅट जस्ट लाइक अ वुमन' लावा. गिटार कार्ल होगनची. तीच सुरुवात, जवळजवळ स्वरास स्वर. बेरीने हे कधी लपवलं नाही, होगनचं आणि टी-बोन वॉकरचं नाव तो स्वतःच घेत असे. बेरीचं मोठेपण त्याने त्या सुरुवातीचं काय केलं यात आहे: तिला गाण्याच्या दारात उभं केलं, आणि ताल, बोल, गिटार तिघांना एकाच माणसाच्या अंगात आणलं. म्हणजे बघा, तोही निळाई म्हणतात तसा 'शेवटपर्यंत नेणारा'च ठरतो.

आणि त्याच्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, आर्कान्सा. चर्चमध्ये आईबरोबर लहानपणापासून गाणारी-वाजवणारी. १९३८मध्ये तिच्या पहिल्या रेकॉर्ड आल्या. १९४४मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐकून सांगा, यात रॉक अँड रोलचं काय कमी आहे. १९६४ साली मँचेस्टरमध्ये एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक एका फलाटावर, ती समोरच्या. पाऊस पडत होता. कोट घातलेली ही पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई पांढरी गिब्सन गळ्यात अडकवते आणि पावसाचंच गाणं सुरू करते. मधल्या सोलोत तिच्या हाताचा झटका बघा. पुढच्या दहा वर्षांतल्या प्रत्येक रॉक गिटारवाल्याची देहबोली तिथे आहे.

२००३च्या शंभरांत ती नव्हती. त्या शंभरांत बायका दोनच, जोनी मिचेल आणि जोन जेट. २०२३मध्ये थार्प सहावी आणि मिचेल नववी आली तेव्हा लोकांनी भरपूर आरडाओरडा केला की हे ओढूनताणून केलंय. मला विचाराल तर ओढूनताणून केलेलं काही असेल तर ते आधीचं होतं.

मिचेलबद्दल एवढंच: लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा डावा हात कमजोर राहिला. नेहमीच्या कॉर्ड धरणं जड, म्हणून तिने गिटारचं ट्यूनिंगच बदललं, एकदा नाही, पन्नासहून अधिक प्रकारे. खर्ज, तुमच्या आयोमीची हीच गोष्ट आहे ना?

खर्ज:

हो. हे असं शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं. मिचेल ऐकतो आज.

निशाचर:

माझा प्रश्न धाग्याच्या शीर्षकालाच आहे. 'हेंड्रिक्स पहिला हे मान्य.' का मान्य? कुणीच कारण दिलेलं नाही. सगळ्या याद्यांत आहे म्हणून? लंडनला गेल्यापासून मरेपर्यंत त्याला चार वर्षं मिळाली, स्टुडिओत केलेले अल्बम तीन. क्लॅप्टन, पेज, बेक यांनी पन्नास-पन्नास वर्षं वाजवलं. सत्ताविसाव्या वर्षी गेल्याचा त्यात किती वाटा आहे?

उजवा हात:

निशाचर, प्रश्न रास्त आहे. सवयीने मान्य करण्यापेक्षा एकदा नीट उत्तर द्यावं म्हणून लांब लिहितोय.

जाळलेली गिटार, दातांनी वाजवणं हे सगळं सोडा. 'लिटल विंग'ची पहिली तीस सेकंदं घ्या. एकच गिटार आहे, पण कॉर्ड कुठे संपते आणि धून कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. अंगठा गिटारच्या मानेवरून आणून तो खर्जाची तार दाबतो, म्हणून चारही बोटं मोकळी राहतात, आणि त्या बोटांनी तो कॉर्डच्या आतच छोट्या छोट्या जागा घेतो. हे कर्टिस मेफील्डकडून आलंय, आणि लिटल रिचर्ड, आयझ्ली ब्रदर्स यांच्यामागे रात्र-रात्र रिदम वाजवण्यातून. तो आधी रिदमवाला होता. म्हणून तर तो माझ्या यादीत आहे. रिदम आणि लीड अशी जी वाटणी आपण करतो ती त्याच्या हातात नाहीच.

दुसरं, आवाज. फीडबॅक, म्हणजे अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारी शीळ, तोवर अनेकांना सापडला होता, पण चूक म्हणून किंवा धक्का म्हणून. हेंड्रिक्सने त्याला सुरात घेतलं. १९६९च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना तो ट्रेमोलो आर्म (तारा ढिल्या-ताठ करणारी दांडी), फीडबॅक आणि फझ (खरखरीत आवाजाचं उपकरण) यांतून बॉम्ब पडल्याचा आवाज काढतो आणि तिथून पुन्हा गीताच्या नेमक्या स्वरावर उतरतो. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. एक शब्द न उच्चारता सगळं बोलून झालं.

आणि एक बारकावा वाजवणाऱ्यांसाठी. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तारा डावखुऱ्यासारख्या लावल्यामुळे ब्रिजजवळचा तिरका पिकअप त्याच्याकडे उलट्या दिशेने तिरका असायचा. त्यामुळे जाड तारा अधिक टोकदार वाजायच्या आणि बारीक तारा थोड्या गोल. त्याच्या आवाजातला तो गोडवा केवळ उपकरणांतून येत नव्हता.

चार वर्षं कमी वाटतात, पण या तीन गोष्टींपैकी एकीवरही पन्नास वर्षं काढणारे लोक आहेत.

निशाचर:

पटलं. उत्तराबद्दल मनापासून आभार. 'लिटल विंग' पाचव्यांदा लावलंय.

आर्पेजिओ:

मनगटाचा मुद्दा मलाही पटला, उजवा हात. काल रात्री हेटफील्डसोबत वाजवून पाहिलं. मी रोज दोन तास सराव करतो तरी तिसऱ्या मिनिटाला हात दगड झाला. तरी होल्ड्सवर्थवरचा अन्याय मी सोडणार नाही. त्याच्यावर वेगळा धागा काढतो.

जांभळा:

प्रिन्सचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून फक्त एवढं लिहायला आले. २००३च्या शंभरांत तो नव्हता. २००४च्या मार्चमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात जॉर्ज हॅरिसनच्या आठवणीत 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' झालं. टॉम पेटी, जेफ लिन गातायत, हॅरिसनचा मुलगा शेजारी वाजवतोय, प्रिन्स बाजूला लाल टोपीत शांत उभा. शेवटची तीन मिनिटं तो पुढे येतो. हॅरिसनच्या मुलाचा चेहरा बघा त्या वेळी. २०२३मध्ये प्रिन्स चौदावा.

सहावी तार:

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. कसोटी वजाबाकीचीच ठेवतो, पण ती नीट लावली नव्हती हे मान्य करतो. मी बेरीपाशी थांबलो कारण माझं ऐकणं तिथून सुरू झालं होतं. काल मँचेस्टरचं चित्रण पाहिलं आणि मग होगनची ती सुरुवातही ऐकली. माझ्या यादीत थार्प आता दुसरी. बेरी तिसरा, आयोमी चौथा, एडी पाचवा. एडीबद्दल हेही लिहायला हवं की टॅपिंग, म्हणजे छेडणाऱ्या हाताची बोटंही फ्रेटवर आपटून वाजवणं, त्याच्याआधीही होतं, स्टीव्ह हॅकेट १९७१मध्ये जेनेसिस या बँडमध्ये वाजवत होता. पण एडीने त्यातून एक बोली तयार केली आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक तरुण गिटारवाला ती बोलत होता. आणि उजवा हात, तुमच्यासाठी: एडीचे रिफ (पुन्हापुन्हा येणारे गिटारचे तुकडे) सोलोइतकेच मन लावून ऐका, त्याच्यात एक जबरदस्त रिदमवाला दडलेला आहे.

जेफ बेकला बाहेर काढताना हात जड झाला. या माणसाने पिक टाकून दिली. अंगठ्याने-बोटांनी तार छेडायची, करंगळीने आवाजाचा नॉब फिरवायचा, तळहातात ट्रेमोलो आर्म. १९८९चं 'व्हेअर वेअर यू' ऐका, हार्मोनिक (तारेला हलकं स्पर्शून निघणारा उंच स्वर) छेडून पुढची अख्खी धून तो आर्म हलवून काढतो. माणसाचा गळा वाटतो. पण त्याला वजा केलं तर मागून फारसं काही कोसळत नाही, कारण त्याच्यासारखं वाजवायला कुणाला जमलंच नाही. ही माझ्या कसोटीतली खोट आहे आणि तिच्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

निळाई, गिलमोर अजूनही पाचांत नाही. तुम्ही सांगितलेला सोलो मात्र हेडफोन लावून ऐकला.

निळाई:

जेफ बेकबद्दल तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, तेच मी गिलमोरबद्दल पहिल्या दिवसापासून लिहितेय.

हेडफोनवर नको. खोलीत, स्पीकरवर, दिवे घालवून ऐका. आणि शेवटी आवाज विरत जातो तेव्हा बंद करू नका. तो अजून वाजवतच असतो.